भोंग्यावर वाचलेली चाचणीची यादी

सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला माझी कीव यायला नको. चूक माझी होती. त्या चुकीचा फायदा ज्यांनी घेतला त्यांच्याबद्दलही सांगणार आहे, पण ते नंतर.

मी धाराशिवला कामगारांच्या एका छोट्या समितीत काम करते. ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली, दोन टेबलं आणि भिंतीला टेकलेले पत्रकांचे गठ्ठे. लिहायला मी या पत्रकांतूनच शिकले. पत्रक माणूस चालता चालता वाचतो, म्हणून वाक्य छोटं लागतं. पत्रकात 'कदाचित' लिहायचं नसतं. समोरच्याचं नाव घेऊन ठणकावायचं असतं. ही सवय पुढं कुठं नडली ते येईलच.

तेरखेड्याच्या बाजूच्या एका गावात एक मावशी राहतात. नात्यातल्या नाहीत. पहिल्या भेटीत मी त्यांना मावशी म्हणाले आणि तेच राहिलं. फटाक्याच्या शेडमध्ये त्या सुतळी गुंडाळायच्या कामाला होत्या. एका दुपारी, जेवणाची सुट्टी व्हायच्या जरा आधी, शेडमध्ये भडका उडाला. मावशी वाचल्या. उजवा हातही वाचला, पण जखम भरताना चार बोटं तळहाताकडं वळली आणि तिथंच चिकटून बसली. मूठ अर्धी मिटलेली. ना उघडत, ना पुरती बंद होत. त्या हातानं त्यांना वेणी घालता येत नाही, भाकरी थापता येत नाही, परकराची नाडी बांधता येत नाही.

मालकानं पहिल्या दवाखान्याचं बिल भरलं आणि विषय संपला असं कळवलं. सरकारी योजनेच्या खिडकीवर सांगितलं, की हे दुसरं ऑपरेशन यादीत बसत नाही. सोलापूरच्या एका खाजगी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, बोटं सोडवता येतील, मांडीची कातडी घेऊन तिथं लावता येईल, पण उशीर करू नका; सांधे धरले की मग कुणाच्या बापाला सुटणार नाहीत. त्यांनी एक सोमवार दिला. त्याआधी एक लाख दहा हजार भरायचे होते.

मावशींच्या खात्यात लोकांनी पैसे टाकले असते तर प्रश्न नव्हता, असं वाटेल. पण गावातल्या बँकेच्या केंद्रावर पैसे काढायला अंगठा लागतो, आणि मावशींचे दोन्ही अंगठे भाजलेले. मशीनवर ठेवला की लाल दिवा. केंद्रवाला म्हणायचा, मावशी, तुम्ही तुम्हीच आहात हे मला ठाऊक आहे, ह्याला ठाऊक नाही. ज्या आगीनं हात घेतला तिनं ओळखही घेतली. हे वाक्य मी पत्रकात घातलं होतं. आता वाचताना लाज वाटते, कारण वाक्य चांगलं झाल्याचा मला आनंद झाला होता.

म्हणून समितीच्या खात्यावर पैसे घ्यायचं ठरलं. आमच्या भागातली पोरं-पोरी पुण्यात, हैदराबादला, बंगळुरात नोकऱ्या करतात. त्यांच्या हातात पावतीबुक कोण नेऊन देणार? त्यांच्याकडून कार्डावर पैसे घेता येतील असं एक पान इंटरनेटवर करायचं. माझी कॉलेजची मैत्रीण पुण्यात हेच काम करते. दुकानांच्या वेबसाइटना पैसे घ्यायची सोय जोडून देते. ती फुकट करून द्यायला तयार झाली. अट एकच, की तिच्या पद्धतीनं करायचं.

तिची पद्धत म्हणजे चाचणी. मला वाटलं होतं, दुपारी बसलो तर संध्याकाळी पान चालू. ती म्हणाली, पंधरा दिवस. पैसे घेणाऱ्या कंपनीच्या दोन बाजू असतात, एक नाटकाची आणि एक खरी. आधी सगळं नाटकाच्या बाजूनं चालवून बघायचं. त्यासाठी कंपनीच काही कार्डांचे नंबर देते. ती कार्डं जगात कुणाच्याच खिशात नाहीत. एका नंबरला पैसे हमखास जातात. एकाला शिल्लक कमी पडते. एकाचा ओटीपी चुकतो. एक नंबर असा, की बँक उत्तरच देत नाही आणि पानावर चक्र फिरत राहतं. मागचे तीन आकडे काहीही टाका, तारीख पुढची कुठलीही टाका. पैसा हलत नाही, पावती मात्र निघते.

"तुझं काम फक्त तोडायचं," ती फोनवर म्हणाली. "कुठं तुटतंय ते मला सांग. खरं कार्ड वापरायचं नाही. खरी नावं घालायची नाहीत. चाचणी एक, चाचणी दोन असंच लिही. आणि लिंक कुणालाही द्यायची नाही."

मी व्हय म्हणाले. तिनं पानाच्या वरच्या बाजूला एक पिवळी पट्टी लावली होती, हे पान चाचणीसाठी आहे अशी. त्याखाली मावशींचा फोटो, मग एक आडवी हिरवी पट्टी जी पैसे येतील तशी भरत जाणार, आणि सगळ्यात खाली देणगीदारांची यादी. यादी माझा हट्ट. आमच्याकडं देणाऱ्याचं नाव दिसलं पाहिजे. देवळाच्या पायरीवर, शाळेच्या पंख्यावर, बाकड्यावर, सगळीकडं असतं. नाव नसेल तर देणारा दोनदा विचार करतो.

सात-आठ दिवस मी इमानदारीत तोडत बसले. बटण दोनदा दाबलं तर पैसे दोनदा जातात का. मध्येच मागं आलं तर काय होतं. येडशीच्या पुढं बसमध्ये रेंज जाते, तिथं मुद्दाम बटण दाबलं. पैसे गेल्याचा निरोप आला पण यादीत नाव नाही. मैत्रिणीला कळवलं, तिनं रात्रीतून दुरुस्त केलं आणि मला शाबास म्हणाली. खरं सांगते, मजा येत होती. मोर्च्यात आपण ओरडतो आणि काही होत नाही. इथं बटण दाबलं की काहीतरी व्हायचं.

मग ती सकाळ आली. आम्ही दोघं-तिघं पावतीबुक घेऊन त्याच गावात फिरलो होतो. गावात एक मोठे द्राक्षबागायतदार आहेत, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. मावशी त्यांच्याच बागेत आधी वर्षानुवर्षं मजुरीला होत्या. आप्पांनी आम्हाला चहा पाजला, द्राक्षं खायला दिली, मावशींच्या हाताबद्दल हळहळले आणि पावतीबुकाकडं बघून म्हणाले, बघू की. खत-बियाणांच्या दुकानदारानं सांगितलं, मार्च एंड होऊ द्या. रस्त्याची कामं घेणाऱ्या एका गुत्तेदारानं तर मावशींनाच दोष दिला, बायांनी असल्या कामाला जाऊच नये. मी तिघांनाही उलट बोलले नाही, कारण सोबतच्यांनी डोळ्यांनीच दटावलं.

दुपारी ऑफिसला येऊन बसले ते धुमसतच. त्या दिवशी एकच गोष्ट तपासायची राहिली होती, हिरवी पट्टी पूर्ण भरली की पान काय करतं. त्यासाठी मोठ्या रकमा टाकायला लागणार. मी 'चाचणी एक्केचाळीस' लिहायला घेतलं आणि हात थांबला. खोडून आप्पांचं पूर्ण नाव लिहिलं. एक्कावन्न हजार. न चुकणारं कार्ड. हिरवी खूण आली: आपले मनःपूर्वक आभार. खताच्या दुकानदाराचे एकवीस हजार. गुत्तेदाराचे एकतीस. माजी सरपंचांना मी कमी शिलकेचं कार्ड दिलं, आणि पान म्हणालं, खात्यात पुरेशी रक्कम नाही. मी एकटीच खोलीत हसले. उरलेली भर किरकोळ नावांनी घातली, शाळेतल्या बाई, दूध डेअरीवाले, पाचशे, हजार. पट्टी भरली. 'लक्ष्य पूर्ण' अशी अक्षरं आली. चाचणी पास.

त्याच तासात छापखान्याचा फोन आला, पत्रकाचा मजकूर आज द्या नाहीतर पुढच्या आठवड्यात. पत्रकात पानाचा फोटो घालायचा होता आणि ती पिवळी पट्टी मावशींच्या कपाळावर येत होती. मैत्रिणीला म्हणाले, तासाभरासाठी काढ. तिनं काढली. फोटो घेतला, त्यातला फक्त वरचा, मावशींच्या चेहऱ्याचा भाग कापून घेऊन छापखान्यात पाठवला. मग वाटलं, स्वस्तातल्या फोनवर अक्षरं कशी दिसतात ते बघायचं राहिलंय. मावशींची मुलगी धाराशिवला कॉलेजात येऊन-जाऊन करते, तिच्याकडं तसला फोन आहे. मी तिला लिंक पाठवली. लिहिलं, अक्षरं नीट दिसतात का बघ. एवढंच. पुढचं एक वाक्य लिहायला मला वेळ नव्हता. नावं पुसायला, पट्टी परत लाव म्हणून मैत्रिणीला सांगायलाही नव्हता. मी छापखान्यात प्रूफ वाचत बसले होते.

सात वाजता मुलीचा फोन आला.

"ताई, ऐका," ती म्हणाली आणि तिनं फोन वर धरला असावा, कारण तिचा आवाज लांब गेला आणि भोंग्याचा आवाज आला. मारुतीच्या देवळावरचा भोंगा. गावातले निवृत्त गुरुजी त्यावरून सूचना देतात. कुठं पाणी सुटणार, कुणाचं वासरू सापडलं. गुरुजी सावकाश, प्रत्येक शब्द सोडवून वाचत होते. आप्पांचं पूर्ण नाव. यांच्याकडून रुपये एक्कावन्न हजार. टाळ्या. मग गुत्तेदार. टाळ्या. मी छापखान्याच्या दारात उभी होते. गुरुजींनी शाळेतल्या बाईंचे पाचशेसुद्धा सोडले नाहीत.

मी विचारलं, वाचायला कुणी सांगितलं.

"आईनं," मुलगी म्हणाली. "आई म्हणली, देणाराचं नाव पुकारलं पायजे. नुसतं घरात बसून घेतलं तर बरं दिसत न्हाय." मग हळूच, "ताई, आई रडायली. लई दिवसांनी."

मला तेव्हाच सांगता आलं असतं. फोन कानाला होता. मी म्हणाले, उद्या येते.

सकाळच्या पहिल्या बसनं गेले. मावशींच्या दारात शेजारीण त्यांचं डोकं धूत होती. मावशी खाली मान घालून पाटावर बसल्या होत्या आणि तो मिटका हात गुडघ्यावर ठेवला होता, पाणी लागू नये म्हणून पिशवीत घातलेला. मला बघून म्हणाल्या, सोमवारी जायचंय, मग किती दिवसांनी डोक्याला पाणी लागतंय कुणास ठाऊक. शेजारणीनं विचारलं, तिकडं डब्याची सोय आहे का. मी होय म्हणाले. मग म्हणाले, जरा आप्पांकडं जाऊन येते.

वाटेत माझ्या डोक्यात एक हिशोब तयार झाला होता आणि मला तो फार हुशारीचा वाटत होता. आप्पा आतापर्यंत चवताळून उठलेले असणार. त्यांची माफी मागायची आणि म्हणायचं, नाव तर झालंच आहे, आता खरेच द्या. गावासमोर मान मिळाल्यावर माणूस मागं हटत नाही, असं मला वाटत होतं. पंचवीस वर्षं मी याच जिल्ह्यात काढली आणि एवढंही कळलं नव्हतं.

आप्पा शेडमध्ये द्राक्षांच्या पेट्या भरून घेत होते. चवताळलेले नव्हते. खांबाला खिळ्यावर नवा टॉवेल आणि टोपी टांगली होती. सकाळीच ग्रामपंचायतीत त्यांचा सत्कार झाला होता. दुकानदाराचा आणि गुत्तेदाराचाही. तिघांपैकी एकानंही सांगितलं नव्हतं, की बाबांनो, आम्ही काही दिलेलं नाही.

मी सगळं सांगितलं. नाटकाची बाजू, खरी बाजू, कुणाच्याच खिशात नसलेलं कार्ड. आप्पांनी न तोडता ऐकलं. पेट्या भरणाऱ्या बाया हात थांबवून ऐकत होत्या.

"म्हंजी कार्डात पैसाच न्हाय?"

"नाही."

"आन् तरी बी पावती निघती?"

"निघते."

"लई भारी. तसलं एक कार्ड मला बी दे की गं."

बाया हसल्या. मीही हसले असेन, तोंड तसं झालं होतं. मग म्हणाले, आप्पा, चुकून का होईना नाव झालं. सोमवारी बोटं सुटायची आहेत. आता खरेच द्या.

आप्पांनी एक घड उचलून त्यातला सडका मणी काढून टाकला. "दिलं असतं गं. काल सांजच्यापर्यंत तुझ्या पावतीवर पाचशे-हजार दिलंच असतं. आता कसं देऊ? गावाच्या लेखी म्या दिलेत. आज परत दिलं तर लोक म्हणतील, आप्पाला याड लागलं, दोनदा देतोय."

मी म्हणाले, मग मी सांगते, की तुम्ही दिलेले नाहीत.

"सांग की. तुझ्या तोंडानं सांग. मग मला बी सांगावं लागंल, माझं नाव कुणी घातलं, कुणाला इचारून घातलं. बोगस यादी कुणाची? समितीची का माझी?" ते रागावलेले नव्हते. हेच मला आजही सोसत नाही. समजुतीनं, घरच्या लेकीला सांगावं तसं सांगत होते. "बस, चहा घे. उन्हाची आलीस."

मी चहा घेतला. हेही लिहून ठेवते.

तिथून गुरुजींकडं गेले. ते अंगणात बसून सूचनांची वही लिहीत होते. मी म्हणाले, गुरुजी, संध्याकाळी एवढंच सांगा, की कालची यादी चाचणीची होती. गुरुजींनी वही मिटली. या भोंग्यावरून त्यांनी मयत सांगितलं होतं, हरवलेल्या शेळ्या सांगितल्या होत्या, एकदा तर जिवंत माणूस गेला म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्तही केलं. पण देणगी दिलेल्याचं नाव मागं घेतलं असं कधी झालेलं नव्हतं.

"चुकीची देणगी पुकारली गेली तर ज्याचं नाव आहे त्यानं उठून सांगायचं, अशी रीत आहे," ते म्हणाले. "त्यानं नाही सांगितलं, तर ती दिली असं धरायचं. मी कोण काढणार? पुढच्या जत्रेला कुणी एक रुपया काढील का?"

मी म्हणाले, पण दिलेलीच नाही. ते म्हणाले, कळलं मला. आणि माझ्याकडं न बघता चष्मा पुसत बसले. वाईट माणूस नाही. वाईट असते तर मला चार वाक्यं सुचली असती.

मावशींच्या घरी परत आले तेव्हा त्यांचे केस वाळले होते. मुलगी वेणी घालत होती. मी दोघींसमोर जमिनीवर बसले आणि सांगितलं. या वेळी नाटकाची बाजू वगैरे काही सांगितलं नाही. म्हणाले, ते पैसे आलेले नाहीत. नावं मी घातली होती.

मावशी मग एकेक नाव विचारायला लागल्या. आप्पांचे? नाहीत. दुकानदाराचे एकवीस? नाहीत. डेअरीवाल्याचे? नाहीत मावशी.

"शाळंतल्या बाईंचं पाचशे तरी?"

"तेही मीच."

"कामून गं?"

"बटण चालतंय का बघायला."

मुलीच्या हातात अर्धी वेणी होती. ती तशीच धरून बसली. मावशींनी विचारलं, मग चालतं का. मी म्हणाले, चालतं.

यापुढचं पत्रकासारखं सांगते, नाहीतर सांगता येणार नाही. मी त्या रात्री आयुष्यातलं सगळ्यात छोटं पत्रक लिहिलं. यादी खोटी आहे, चाचणीसाठी मी केली होती, चूक माझी आहे, मावशींना एक रुपयाही मिळालेला नाही, ऑपरेशन राहिलं आहे, मदत करा. समितीतल्या थोरांनी विरोध केला, समितीचं नाव जाईल म्हणाले. मी माझ्या खर्चानं छापलं आणि गावच्या आठवडी बाजारात उभी राहून वाटलं. पाच ओळी. लोकांनी वाचल्या. मग एक भाजीवाली तिच्या शेजारणीला, मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "पैसं आलं, वाटून घेतलं, आता कागद वाटत्यात." शेजारीण म्हणाली, त्या बाईनं पण हात दाखवून लई कमावलं.

ज्या बाया एकशे एक घेऊन पदराला गाठ मारून ठेवत होत्या, त्यांनी गाठ सोडून कोथिंबीर घेतली. मी बघत होते. भोंग्यावर त्यांनी स्वतःच्या कानांनी एक लाखाच्या वरचा आकडा ऐकला होता. भोंगा खोटा आणि कागद खरा, असं त्यांनी का मानावं? कागद तर मीच लिहिलेला.

सोमवार गेला. दवाखान्यातून कळवलं, पैसे भराल त्या दिवशी पुढची तारीख देऊ.

मैत्रिणीला मी सगळं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "पट्टी मी काढायला नको होती." मग तिनं शांतपणे काम पूर्ण केलं. चाचणीतलं सगळं पुसलं. पान खऱ्या बाजूला नेलं. नियम म्हणून स्वतःच्या खऱ्या कार्डावरून दहा रुपये टाकून बघितले. यादीत तिचं नाव आलं, दहा रुपये समितीच्या खात्यात उतरले, मग ते परत करून बघितले, तेही बिनचूक परत गेले. पान कुठंच तुटलं नाही. येडशीच्या पुढं रेंज गेली तरी तुटलं नाही. एवढं पक्कं काम मी आमच्या जिल्ह्यात दुसरं पाहिलेलं नाही.

पहिले पैसे आले ते नळदुर्गच्या एका ढाब्यावर पोळ्या लाटणाऱ्या बाईंचे, लेकाच्या कार्डावरून, एकशे एक. मग बाहेरगावच्या पोरांचे थोडे थोडे येत गेले. त्यातल्या एकानं लिहिलं, आमच्या गावात तर पूर्ण रक्कम जमली असं आई म्हणत होती, नक्की काय आहे? मी उत्तर दिलं. त्यानं ते वाचलं आणि पुढं काही लिहिलं नाही. हिरवी पट्टी आता नखाएवढी भरली आहे.

मध्यंतरी देवळाला रंग दिला तेव्हा गावच्या देणगीदारांच्या फळीवर रंगाऱ्यानं सत्कार झालेल्या तिघांचीही नावं रंगवली. आमच्या पानावरची नावं एका क्षणात गेली होती. ही ऑइल पेंटची आहेत.

गेल्या आठवड्यात मावशींना घेऊन सोलापूरला गेले होते, फक्त दाखवायला. डॉक्टरांनी बोटं हलवून बघितली आणि मागच्या वेळेपेक्षा सांधा घट्ट झालाय म्हणाले. करंगळीचं आता सांगता येत नाही. मी विचारलं, पैसे थोडे थोडे भरले तर? ते म्हणाले, माझ्या हातात असतं तर. तेही खोटं बोलत नसावेत. या सगळ्या प्रकरणात खोटं फक्त मीच लिहिलं.

परत येताना धाराशिवच्या स्टँडवर गावच्या बसला वेळ होता. मी दोन चहा आणले. मावशी कप दोन्ही तळव्यांत दाबून धरतात, त्यांच्यासाठी अर्धाच भरून आणते. फोन माझ्या मांडीवर होता. त्यांनी रोजच्यासारखं विचारलं, आज कोण आलं? मी पान उघडून बघितलं.

"आज कुणी नाही, मावशी."

त्यांनी चहा फुंकला. समोर त्यांच्या गावच्या बाया पिशव्या घेऊन बसल्या होत्या. त्यांनी आमच्याकडं बघितलं आणि मान वळवली.

"ती पयली यादी दाव की," मावशी म्हणाल्या. "पोरीनं वाचून दाखवली ती."

मी सांगितलं, ती पुसली. कुठंच राहिली नाही.

"व्हय का," त्या म्हणाल्या. "ऐकाया बरी वाटली व्हती."

बस लागली. मी त्यांचा कप घेतला आणि चढताना काखेत हात घातला, कारण दांडा त्यांना धरता येत नाही.